उघडू नये

४ जानेवारी

ती. मामा,

नमस्कार.

सात महिने पत्र नाही, त्याबद्दल आधी माफी मागते. तुमची दोन पत्रं माझ्या टेबलाच्या खणात आहेत आणि दोन्ही जवळजवळ पाठ झाली आहेत. प्रयोगशाळेत दोन माणसं कमी आहेत, शहरभरच्या पाण्याचे नमुने आम्ही तिघंच तपासतो, असं कारण लिहायला बसले होते. ते खोटं नाही, पण सात महिन्यांचं ओझं ते एकटं उचलू शकत नाही. खरं कारण लिहायला अजून हात धजत नाही. थोडा वेळ द्या.

आता कामाचं. तुमच्या बाइंडिंगच्या खोलीचे मालक ती विकायला काढताहेत, आणि एकतीस मार्चपर्यंत तुम्ही घेतलीत तर तुम्हाला, नाहीतर शेजारच्या चपलांच्या दुकानाला, असं तुम्ही लिहिलंत. एकेचाळीस वर्षं तुम्ही तिथे भाड्याने बसलात. कटिंग मशीन तिथून उचललं तर दुसरीकडे पुन्हा उभं राहणार नाही, हे मलाही माहीत आहे. म्हणजे खोली गेली तर काम गेलं. बँकेतल्या ठेवीत खोलीची निम्मीही किंमत निघत नाही. तेव्हा सगळी भिस्त अठरा वर्षांपूर्वी फंडात टाकलेल्या पैशांवर.

ती दुपार मला अधूनमधून आठवते. मी सव्वीस वर्षांची, नवी नोकरी, नवं वाचलेलं सगळं जगाला सांगायची घाई. मी व्याज आणि महागाई यांचं लेक्चर देत होते आणि तुम्ही पुठ्ठा कापत ऐकत होतात. मग तुम्हीच विचारलंत, "म्हणजे आज या पैशात पुठ्ठ्याचे शंभर ताव येतात, आणि दहा वर्षांनी व्याजासकट ऐंशीच येतील, असंच ना?" माझ्या अर्ध्या तासाचं तुम्ही एका वाक्यात केलंत. निम्मी पुंजी बँकेत राहिली. उरलेली, जी लवकर लागणार नव्हती ती, शेकडो कंपन्यांचे थोडे थोडे शेअर घेणाऱ्या फंडात गेली. मामी तेव्हा म्हणाली होती, "शिकलेल्या मुली बोलतात छान, जातात ते पैसे मात्र आपले."

फंडाकडून वर्षातून दोनदा पाकीट येतं. त्यातलं सर्वांत शेवटचं विवरणपत्र मला पाठवा, म्हणजे नक्की किती झालेत ते कळेल. फोन केला असता, पण ऐकू आलं नाही तरी तुम्ही "हो हो, छान" म्हणता, आणि हे काम तसं चालणारं नाही.

आपली,
मोजपट्टी


१५ जानेवारी

चि. मोजपट्टी,

आशीर्वाद. माफीबिफी राहू दे. तुझं पत्र मामीने मला दोनदा वाचून दाखवलं आणि समोरच्या किल्लीवाल्याला एकदा. मशीनने माझे कान खाल्ले, डोळे शाबूत आहेत, मला वाचता येतं. पण तिला हौस.

विवरणपत्रं सगळी आहेत. एकही हरवलेलं नाही, हे वाचून सगळं मोजूनमापून बघणाऱ्या माझ्या मोजपट्टीला बरं वाटेल. तूच सांगितलं होतंस, "मामा, हे पैसे पंधरा-वीस वर्षं विसरायचे. उघडून उघडून बघायचं नाही. बघणारा घाबरतो आणि काढून घेतो." हे मला शिकवावं लागलं नाही. पुस्तक दाबात घातलं की सरस वाळेपर्यंत उघडायचं नसतं, हात कितीही शिवशिवले तरी. मी एकही पाकीट उघडलं नाही. आलं की तसंच बाजूला ठेवायचो आणि डिसेंबरात वर्षाची दोन एकत्र करून आधीच्यांना शिवायचो. गेल्या डिसेंबरात छत्तीस झाली, तेव्हा पुठ्ठा चढवला. कणा चामड्याचा. वर सोनेरी अक्षरं: उघडू नये.

पहिल्या पानावर तुझं पोस्टकार्ड डकवलंय. बारा वर्षांपूर्वी बाजार कोसळला तेव्हाचं. किल्लीवाल्याने आपले पैसे काढले आणि मला म्हणाला, "पळा, तुम्हीही पळा." मी घाबरून तुला लिहिलं. तुझं कार्ड आलं: "मामा, थांबा. मीही थांबले आहे." एवढंच. मी मनात म्हटलं, पोरीने स्वतःचे ठेवलेत ना, मग मला कशाची भीती? आजही येणाऱ्याजाणाऱ्याला ते कार्ड दाखवतो. खोली मिळाली तर त्या पाच शब्दांवर मिळेल. तुझे उपकार कसे फेडू ते मला कळत नाही.

तर विचारायचं असं, की पुस्तक कापावंच लागेल का? फार सुबक झालंय. तुला अंदाजाने आकडा नाही का सांगता येणार?

तुझा मामा


२२ जानेवारी

ती. मामा,

कापा. पत्र वाचून झालं की लगेच कापा.

तुम्ही माझं एवढं शब्दशः ऐकाल असं मला वाटलं नव्हतं, आणि वाटायला हवं होतं. तुम्हाला मी लहानपणापासून ओळखते. चूक माझी आहे. रोज बघू नका म्हणाले; वर्षातून एकदा उघडून वाचा, असं पुढे म्हणायला हवं होतं, ते राहिलं. आमच्याकडे बाटली मोहरबंद करून ठेवतात, पण ठरलेल्या दिवशी ती उघडतातच. नुसती ठेवून दिली तर तो नमुना राहत नाही, नुसतं जुनं पाणी राहतं.

त्या पाकिटांत फक्त आकडे नसतात. पत्ता, सही, वारस, नियमांतले बदल, सगळं त्यातूनच कळवतात. तेव्हा शेवटच्या तीन वर्षांची आधी बघा. काही मागितलेलं असेल तर तसंच्या तसं उतरवून पाठवा.

हातात जेमतेम दोन महिने आहेत.

पोस्टकार्डाबद्दल नंतर लिहीन.

मोजपट्टी


२ फेब्रुवारी

चि. पोरी,

हे पत्र मी लिहितेय, कारण तुझे मामा तोंड फुगवून बसलेत. तुझ्यावर नाही, स्वतःवर.

पुस्तक पुढ्यात घेऊन अर्धा तास नुसते बसले होते. म्हणाले, "एवढी शिलाई माझ्या हातून आता पुन्हा होणार नाही." मी म्हटलं, "शिलाई राहील, खोली राहणार नाही." तरी हात उचलेना. शेवटी मीच एक दोरा ओढून तोडला. तशी ओरडले, "अगं, असं नाही! कण्याकडून!" आणि हिसकावून घेऊन स्वतः व्यवस्थित उसवलं. मला तेच हवं होतं.

तू शेवटची आधी बघा म्हणालीस, पण त्यांना क्रम सोडून काही करता येतं का? पहिल्यापासून सुरुवात. बाराव्या पाकिटाला पांढरेफटक पडले. आदल्या वर्षी शंभराचे एकशे चाळीस झालेले, या पाकिटात होते सत्तर. "बुडालो गं आपण," म्हणाले. मी म्हटलं, "अहो, बारा वर्षांपूर्वी बुडालात. आता चहा घ्या."

पण खरं सांगते, ते पाकीट तेव्हा माझ्या हाती लागलं असतं, तर दुसऱ्या दिवशी पैसे घरात आणायला लावले असते मी. तुला चार शब्द ऐकवले असते ते वेगळेच. शेवटच्या पाकिटातला आकडा मी तीनदा मोजला. शंभराचे साडेसहाशे, पोरी. खोली घेऊनही उरतील. मग एक जण रडलं. मी नाही.

आता गोम ऐक. दोन वर्षांपूर्वीच्या पाकिटात लाल अक्षरांत लिहिलंय, की नव्याने सही आणि ओळखपत्र द्या, नाहीतर पैसे काढता येणार नाहीत. मुदत केव्हाच टळली. शेवटच्या कागदावर शिक्काच आहे: व्यवहार स्थगित. म्हणजे काचेच्या कपाटात ठेवल्यासारखं झालं. दिसतंय सगळं, हात घालता येत नाही. मालकाला विचारलं, महिनाभर थांबाल का? तर म्हणाला, "चपलावाला रोख घेऊन उभा आहे, मी कशाला थांबू?"

ह्यांचं खूळ कामाला आलं आणि तेच खूळ अंगाशीही आलं. दोन्ही कागद सोबत आहेत. "मोजपट्टी करेल सगळं," असा जप चाललाय. तेव्हा कर बाई.

तुझी मामी


७ फेब्रुवारी

ती. मामा आणि मामी,

काल अर्ध्या दिवसाची रजा घेऊन फंडाच्या इथल्या कार्यालयात गेले होते. पैसे कुठेही गेलेले नाहीत. सोबतचा अर्ज नीट भरून पोचला, की दहा-बारा कामाच्या दिवसांत खातं सुरू होईल, असं तिथल्या बाईंनी सांगितलं. मी ते लिहून घेतलं आणि त्यांना वाचून दाखवलं. त्यांना ते आवडलं नसावं.

अर्ज मी भरला आहे. तीन ठिकाणी रंगीत चिठ्ठी लावली आहे, तिथे सही करायची. सही तुमच्या बँकेतल्या अधिकाऱ्यासमोर करा आणि शिक्का घ्या. मामा, एक लक्षात ठेवा. अठरा वर्षांपूर्वी तुम्ही सहीखाली रेघ ओढायचात. हल्लीच्या पत्रांत ती नसते. त्यांच्याकडे जुनी सही आहे, तेव्हा रेघ ओढा.

खातं सुरू झालं की खोलीपुरते काढा. उरतील त्यातले पाच-सात वर्षांत लागू शकतील असे बँकेत हलवा, कारण बाजार पडला तर अडुसष्टाव्या वर्षी तो सावरायची वाट बघत बसणं कठीण. बाकीचे तिथेच राहू द्या.

आता जे सात महिने लिहिलं नाही, खरं तर बारा वर्षं लिहिलं नाही, ते.

बाजार कोसळला तेव्हा माझेही शंभराचे सत्तर झाले होते. तुमचं घाबरलेलं पत्र मंगळवारी आलं. बुधवारी मी माझे सगळे पैसे काढून बँकेत टाकले. गुरुवारी तुम्हाला कार्ड लिहिलं, की मीही थांबले आहे. थांबले नव्हते, मामा. माझ्या त्या सत्तराचे आज बँकेत एकशे पंचवीस झाले आहेत. पुठ्ठ्याचा ताव या अठरा वर्षांत तिप्पट महागला, हे तुम्हीच मागे लिहिलं होतंत.

असं का केलं, याची मी स्वतःला बरीच उत्तरं देऊन पाहिली. कधी वाटतं, बरोबर काय ते मला ठाऊक होतं, फक्त मला जमलं नाही, म्हणून निदान तुमच्याकडून तरी घडावं. कधी वाटतं, छे, मामीसमोर तोंडघशी पडायचं नव्हतं, एवढंच. आणि बाजार सावरला नसता तर तुमचं काय झालं असतं, याचा त्या गुरुवारी मी विचारसुद्धा केला नव्हता. हे सगळ्यांत वाईट. प्रयोगशाळेत न बघितलेला आकडा मी एकदाही लिहिलेला नाही. तुम्हाला मात्र लिहिला.

तुमचे आभार चुकीच्या माणसाकडे येत होते. ते वाचणं जड जात होतं म्हणून मी उत्तर देत नव्हते.

मोजपट्टी


५ मार्च

मामी,

आज कार्यालयात चौकशी केली. मामांचा अर्ज पोचला, सही जुळली, खातं सुरू झालंय. पैसे काढायचा अर्जही त्यांच्याकडून परस्पर आला म्हणे, म्हणजे ते सगळं नीट करताहेत.

मला मात्र महिनाभरात एक ओळ आली नाही. तक्रार नाही. तक्रार करायला मला तोंड नाही. खोलीचं काय झालं एवढंच कळव. तेही जमेल तेव्हा.

तुझी भाची


२१ मार्च

चि. मोजपट्टी,

परवा खोली आपली झाली. कागदांवर सही केली, रेघेसकट. आता त्या रेघेची सवयच लागलीय, काल गिऱ्हाइकाच्या पावतीवरही ओढली. मालक मला म्हणाला, "एवढे पैसे होते तर दरवर्षी भाडं वाढवताना रडत का होता?" मी म्हटलं, "मला माहीतच नव्हते." त्याला ते खोटं वाटलं. चपलावाल्याने मात्र मोठेपणा दाखवला, येऊन हात मिळवून गेला. मशीन जागच्या जागी आहे. आज सकाळी दार उघडलं आणि आत जाऊन नुसता उभा राहिलो. काम काही केलं नाही. भाडं नाही म्हटल्यावर आळशी व्हायला होतं की काय कोण जाणे.

आता तुझं. पत्र मामी मोठ्याने वाचत होती ती मधेच थांबली. मी कागद ओढून घेतला. दोन दिवस मी तुझ्यावर चिडलो होतो, खोटं कशाला सांगू? कार्डाचं पान फाडायला घेतलं होतं. मामी म्हणाली, "फाडा खुशाल. पण मग त्या वर्षी तुम्हाला कोणी थांबवलं ते सांगा." मी पान तसंच राहू दिलं. तिसऱ्या दिवशी बँकेत गेलो तर अधिकारी रजेवर. पुढच्या वेळी शिक्का फिका उठला म्हणून पुन्हा हेलपाटा. त्या गडबडीत चिडायचं राहून गेलं. लिहायचंही राहिलं, कारण काय लिहायचं ते ठरत नव्हतं.

आता ठरलंय. खोटं लिहिलंस ते वाईट केलंस. पैसे माझे होते, खरं कळायचा हक्क माझा होता. खरं कळलं असतं तर मी पळालो असतो आणि आज खोली नसती, हे मला कळतं. तरीही वाईटच. इतकं बोलून माझं संपलं.

दुसरं असं. मी चौथी शिकलेला माणूस. बँकेत गेलो तर काउंटरवरचा मान वर करून बघायचा नाही. पन्नास वर्षांत मला पैशाबद्दल कोणी बसून समजावलं असेल तर ते तू. एकच प्रश्न मी तीनदा विचारला आणि तू तीनदा सांगितलंस, कंटाळली नाहीस. "मामा, तुम्हाला समजेल," म्हणालीस. मी कार्डाचे आभार मानत होतो, तिथे पत्ता चुकला. आभार त्या दुपारचे आहेत. ते तुला घ्यावे लागतील.

उरलेल्यातले निम्मे बँकेत टाकलेत, निम्मे तिथेच आहेत. पाकिटं आता आल्या दिवशी वाचतो.

आणि आता मी तुला विचारतो: तुझं पुढे काय? "आता वय गेलं" असं लिहिशील म्हणून आधीच सांगतो, मी सुरुवात केली तेव्हा पन्नासाचा होतो. तू चव्वेचाळीसची. मामी म्हणते, "एकटी राहते, म्हातारपणी काय पाण्याचे नमुने पिऊन जगणार आहे?" तिचं बोलणं मनावर घेऊ नकोस. पण मुद्दा तिचा बरोबर आहे.

तुझा मामा


२९ मार्च

ती. मामा,

पत्र पोचलं. खोलीची बातमी वाचून मी उठले आणि खिडकीशी जाऊन आले, मग पुढचं वाचलं. प्रयोगशाळेत सगळ्यांना सांगितलं, की माझ्या मामांनी खोली घेतली. कोणाला काही संदर्भ लागला नाही, पण आनंद झाल्यासारखं दाखवलं सगळ्यांनी.

माफ केलं, असं तुम्ही कुठे लिहिलंय का, ते मी दोनदा शोधलं. नाही लिहिलेलं. आधी खट्टू झाले. मग वाटलं, बरं झालं. "वाईट केलंस" हे स्वच्छ शब्द बारा वर्षांत मला कोणी ऐकवले नव्हते, कारण मी कुणाला कळूच दिलं नव्हतं. ते ऐकल्यावर इतकं हलकं वाटेल याची कल्पना नव्हती. त्यासाठी तुमचे आभार. आणि "फाडा खुशाल" म्हणत मामी त्या दिवशी जे काही बोलली, त्यासाठी तिचे.

तीनदा समजावल्याचं मला खरंच आठवत नाही. माझ्या आठवणीत मी नुसती ऐट करत होते आणि तुम्ही सहन करत होतात. दोन माणसांच्या आठवणीत एकच दुपार इतकी वेगळी असते. तुम्ही म्हणता तर तुमची खरी धरते. या एका बाबतीत मी पुन्हा तपासणी करणार नाही.

माझ्या पैशांचं म्हणाल, तर बरेच दिवस विचार करतेय. विचार करणं ही माझी सोयीची जागा आहे, हेही कळतं. वय गेलं असं मी लिहिणारच होते, तुम्ही आधीच तोंड बंद केलंत. निवृत्तीला सोळा वर्षं आहेत. सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत हाताशी ठेवून बाकीच्याला काम करायला पाठवता येईल. एकदम सगळे टाकायची छाती मला नाही. पण आमच्या पगार विभागातून दर महिन्याला ठरावीक रक्कम परस्पर फंडात जाऊ शकते, असं कळलं. पगाराचा दहावा हिस्सा धरला आहे. तेवढा गेला तर मला कळणारही नाही, आणि मला न कळलेलंच बरं.

भीती गेलेली नाही. बाजार पुन्हा केव्हातरी पडेल, नक्की पडेल, आणि तेव्हा मी थांबेन असं वचन मी तुम्हाला देणार नाही. एवढंच सांगते, नाही थांबले तर "नाही थांबले" असं लिहीन. तुम्ही मग माझ्या दारात येऊन काय ओरडायचं ते ओरडा. तुम्हाला तसंही हळू बोलता येत नाही.

मे महिन्यात चार दिवस रजा आहे. तुमच्या खोलीत येऊन बसेन. तुमच्या म्हणजे तुमच्याच, हे लिहायला फार छान वाटतंय.

अर्ज चार दिवसांपासून माझ्यासमोर आहे. दहावा हिस्सा, तारीख, सही, एवढ्याच जागा रिकाम्या आहेत. पत्र बंद करते आणि नेहमीप्रमाणे उद्याचं काम लिहून ठेवते.

उद्या: सकाळी कामाला लागण्याआधी पगार विभागात अर्ज देणे. पेनने भरून, पेन्सिलने नाही.

मोजपट्टी